मागाच्या खड्ड्यातला खटका

रंजितानं पैज लावली अन् दामिनीनं, अक्कल गहाण टाकल्यासारखं, हो म्हणून टाकलं.

"रंभाआजीच्या घरी मागाच्या खड्ड्यात उतर. तिथल्या डब्याचा मागचा खटका फिरवून ये. तरच मानीन तुले."

भंडाऱ्याच्या त्या गल्लीत आधी घरोघरी हातमाग होते. रंभाआजीचे यादोरावआजोबा गेले, त्याइचा माग मोडून विकला, पण पाय सोडून बसाचा खड्डा तसाच राहिला. पोट्टे म्हणत, म्हातारा अजून तिथं बसते. म्हणून कोणी उतरत नव्हतं. उतरे तो एक संजीवकाका, रंभाआजीचा पोरगा. त्यानं मायच्या ऑक्सिजन मशीनसाठी तिथं बॅटरी अन् यूपीएसचा डबा ठेवला होता. लाइन गेली का डबा बॅटरीवर मशीन चालवे.

"मागच्या खटक्याले हात नोका लावू," त्यानं साऱ्याइले सांगून ठेवलं होतं. "तो बायपास. लाइन सरळ मशीनले जाते, बॅटरी बाजूलेच राहते. डबा बिघडला तरच फिरवाचा."

दुपारी आजीचा डोळा लागला तशी दामिनी उतरली. खड्डा थंडगार. सुताच्या खळीचा वास अजून येऊन राहिला होता. खट्! काहीच झालं नाई. मशीन चालू, पंखाही चालू. "हात्तिच्या!" करत ती वर आली. सांजीले येऊन सरळ करून देऊ म्हणे, अन् गप्पाइत विसरली.

सांजीले वावधान सुटलं, संगं पाऊस. गल्लीतले दिवे गपकन् गेले.

तवा तिले आठवलं. बिनचपलेची पळाली.

घरात काळामिट्ट अंधार. आजी तडफडत असन... पण मशीनचा हिरवा दिवा जळत होता. आजी शांत श्वास घेत होती. अन् खड्ड्यातून आवाज येत होता. खटाक्... खट्... खटाक्... खट्...

मागाचा तो आवाज दामिनीले पाठ होता. लहानपणी याच काठावर ती झोपी जाये, अन् आजोबा तिच्या मुठीत रंगीत सुताचे तुकडे कोंबून ठेवत. भेव वाटलं, अन् रडूही आलं.

"आजोबा...?"

आवाज अडखळला. तसा हिरवा दिवाही मिचकला.

तिनं तोंडावर हात दाबला. खड्ड्यात उतराची हिंमत काही झाली नाई.

लाइन आली तसा आवाज थांबला. कारधा गावाहून भिजत आलेल्या संजीवकाकानं खड्ड्याकडे पाहून हात जोडले. "डब्यानंच माय वाचवली वं. आता रातपाळीले बिनधास्त जातो."

दामिनीले राहवलं नाई. "काका... जाऊ नोका. खटका मी फिरवला. दुपारीच... पैजेपायी."

काका हसला. "मंग मशीन चालली कशी, येडे?"

टॉर्च घेऊन उतरला. हसू तिथंच विझलं. खटका बायपासवरच होता.

आजीनं डोळे न उघडता म्हटलं, "सरळ कर रे लवकर. पुन्हा लाइन गेली तं... थकले असतीन ते."