मामांचा खोटा ग्रह

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, असं मामा प्रत्येक किश्श्याआधीच ठणकावून सांगत आणि मग चहा मागवत. त्या दुपारी भाचीच्या ऑफिसातही त्यांनी तेच केलं. फरक एवढाच, की या वेळी त्यांचं बोट तिच्या संगणकाच्या पडद्याकडे होतं.

"हा ग्रह माझा आहे."

भाची हसली. थोड्याच वेळात ती हाच ग्रह जगापुढे मांडणार होती. तिच्या नावावरचा पहिला. नव्या अवकाश दुर्बिणीने टिपलेला एका ताऱ्याचा प्रकाश पडद्यावर रेघ होऊन पसरला होता. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाश किंचित घटतो, रेघेला खळगा पडतो. असे तीन खळगे तिने पकडले होते.

मामांची सगळी नोकरी याच इमारतीत, खोटे ग्रह पेरण्यात गेली. शोधणारे जागे आहेत की पेंगतायत हे कळावं, म्हणून जुन्या दुर्बिणीच्या आकड्यांत ते गुपचूप बनावट खळगे सोडून द्यायचे.

"खळग्याच्या डाव्या काठाला खरचटल्यासारखं आहे ना? तो रेखाटताना माझ्या कोपराला धक्का लागला. तुझी मामीच, डबा घेऊन आलेली. राहू दिलं, खूण म्हणून."

"मामा, ही दुर्बीण वर गेली तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन घरी झाडांना पाणी घालत होतात."

"म्हणून तर म्हणतो, विश्वास बसणार नाही. उजवीकडे वर चढताना बारीक उंचवटा असेल. बघ."

तो तिने कधी पाहिला नव्हता. तिने रेघ मोठी केली.

उंचवटा होता.

मामांनी कप बशीत ठेवला, पण आवाज होऊ दिला नाही.

"योगायोग," ती म्हणाली. "पुढे काय करणार होता तुमचा ग्रह?"

"करतोय काय बिचारा? फिरणार. अगदी गरीब गाय."

थाप मारताना मामा नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत बघत. आता ते कपात बघत होते.

भाचीला आठवलं, तिन्ही खळगे मुळात सारखे नव्हतेच. ग्रह काही वाढत नसतो, तेव्हा दोष यंत्राचाच, असं धरून तिने ते एका मापात बसवले होते. तिने ती दुरुस्ती काढून टाकली.

दुसरा पहिल्यापेक्षा खोल. तिसरा त्याहून.

काहीतरी मोठं दिसत चाललं होतं. म्हणजे जवळ येत होतं.

दाराशी साहेब डोकावले. "चला, सगळे खोळंबलेत."

ती उठली नाही.

"खोटं बोलताय मामा," ती म्हणाली. "तुम्ही त्याला फिरायला नव्हतं लावलं. इकडे यायला लावलं होतं."