धनवंताची वाट

धान घरात आल्यावर चंचल माहेरी आली, तेव्हा तिच्या बापानं, लालसिंगनं, तिला एकच काम सांगितलं. माळ्यावर गुंडाळून ठेवलेला डीव्हीडी प्लेअर खाली काढायचा आणि टीव्हीला जोडून द्यायचा.  माय जाऊन एक पावसाळा उलटला होता, आणि बाप काय पाहणार हे तिला ठाऊक होतं.

चंचलचा जन्मही झाला नव्हता, तेव्हा सालेकशाच्या जंगलात सिनेमावाले आले होते. भुताचा स्वस्तातला सिनेमा. नायिका काट्यांतून अनवाणी चालायला तयार होईना, म्हणून तिच्या जागी चंचलच्या मायला, धनवंताला, पांढरं लुगडं नेसवून पायवाटेनं चालवलं. तो सिनेमा कुठल्याच टॉकीजला लागला नाही. बऱ्याच वर्षांनी धनवंताला तो सापडला आठवडी बाजारात, ताडपत्रीवर ओतलेल्या तबकड्यांच्या ढिगात. ‘एक में दस’. एकाच तबकडीत दहा पडेल सिनेमे, काही भुतांचे, काही परग्रहावरच्या माणसांचे. वेष्टनावर सांगाडा, पत्र्याचा माणूस आणि वटवाघूळ एकमेकांच्या अंगावर चढलेले. ती तबकडी तिनं पदराखाली धरून घरी आणली.

लालसिंगनं ती कधी पाहिली नाही. वनमजुरीत त्याचा जन्म गेला. अस्वल समोर आलं तरी तो जागचा हलत नसे. पण पडद्यावरच्या भुतांची त्याला लहानपणापासून धास्ती होती. बायकोला हे सांगायची लाज वाटे, म्हणून तो खेकसायचा. ती दुपारी टीव्ही लावून म्हणायची, “बसा ना जरा. मी आहो त्याच्यात.” कायले पाहाची ती भुतं, असं काहीतरी पुटपुटत तो रिकाम्या गोठ्यात उगाच दोरखंड शोधत बसायचा. ती एकटीच, आवाज बारीक करून पाहायची. सिनेमा संपला तरी बराच वेळ तशीच बसून राहायची.

आता चंचलनं तबकडी लावली. काचेवर ऊन येत होतं म्हणून दारं ओढून घेतली. चित्र खरवडल्यासारखं दिसत होतं, माणसं एक बोलत होती आणि ओठ दुसरंच काही म्हणत होते. मग तो तुकडा आला. मोहाच्या झाडांमधून एक पाठमोरी बाई चालत गेली, डावा पाय जरासा ओढत. लालसिंगनं ती चाल ओळखली. पण पुढच्याच क्षणी भूत वळलं, तर तोंड नायिकेचं होतं, पांढरा रंग फासलेलं.

“तुही माय वळत नाही?” त्यानं विचारलं.

“नाही बाबा. तिचं तोंड घेतलंच नाही त्याईनं. तुमाले माहीत नव्हतं?”

नव्हतं. इतकी वर्षं ती बिचारी स्वतःची पाठ पाहत बसली होती, आणि शेजारी कोणी नव्हतं.

चंचल गोंदियाला परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी लालसिंगनं दारं लोटली आणि एकटाच टीव्हीसमोर बसला. भुतांची धास्ती होतीच, पण या खेपेला उठून जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. धनवंताची पाठ पुन्हा दिसली, पुन्हा झाडांआड गेली. सिनेमा संपून तबकडी आपोआप दुसऱ्या सिनेमात शिरली. हा परदेशी होता, काळा-पांढरा, हिंदीत बोलणारा. आभाळातून लोखंडी ताटल्या उतरल्या आणि सगळं शहर किंचाळत पळत सुटलं. त्या गर्दीत एक बाई पळत नव्हती. पांढरं लुगडं, पाठमोरी, डावा पाय ओढत...

स्वस्तातली तबकडी, एकावर एक छापलं गेलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण बटण दाबून पुढचा सिनेमा लावला, तर त्यात ती दगडी महालाच्या जिन्यावर होती. त्याच्या पुढच्यात बर्फ पडत होता, आणि त्या बर्फातून ती अनवाणी चालली होती. प्रत्येक सिनेमात ती होती. बाहेर कोंबड्यांचा कलकलाट थांबला होता. खोलीत फक्त तिच्या पायांचा आवाज येत होता, फस... फस... वाळक्या पानांवरून चालल्यासारखा. लालसिंगची भीती हळूहळू विरून गेली. तो सरकत सरकत टीव्हीपाशी गेला.

“धनवंता... पलट ना वो. मी बसून आहो आता.”

शेवटच्या सिनेमात जुन्या दवाखान्याची लांब, अंधारी ओसरी होती. तिथं ती थांबली. टीव्हीतलं संगीत बंद पडलं. खोलीत मोहफुलांचा ओला, गोडसर वास भरला; ऐन थंडीत, जेव्हा एकाही मोहाला फूल नसतं. तिचा खांदा हलला. मान वळू लागली. आधी कानातलं दिसलं, मग गालाची कड...

आता हे तोंड कसं असेल? एवढंच त्याच्या मनात आलं, आणि हातानं वायर ओढली.

वास तत्क्षणी गेला. काळ्या पडलेल्या काचेसमोर तो वायर हातात धरून बसला. मग घाईघाईनं ती परत खोचली. ओसरी रिकामी होती. त्यानं दहाही सिनेमे पुन्हा पळवत पाहिले. बर्फावर पावलं नव्हती, जिना ओस होता, जंगलातल्या वाटेवरही कोणी नव्हतं. धनवंताला माती दिली त्या दिवशी लालसिंग रडला नव्हता. त्या दिवशी मात्र शेजारच्या धुरपताबाईला भिंतीपलीकडून त्याचं रडणं ऐकू गेलं, आणि तिनंच चंचलला फोन केला.

चंचल मिळेल त्या गाडीनं आली. बापानं सगळं सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही. समजूत घालावी म्हणून तिनं स्वतः तबकडी लावली. मोहाच्या झाडांमधली वाट आली. रिकामी.  पण तो तुकडा तिथं संपला नाही.

चित्र पुढं सरकू लागलं, एखादं माणूस चालत असावं तसं, दर पावलाला जरा डावीकडं कलत. झाडं विरळ झाली. तलावाची पाळ आली, मग बांधावरचा भाताच्या तणसाचा ढीग, मग निळीनं पोतलेली भिंत आणि कौलं. ते त्यांचंच घर होतं, मागच्या बाजूनं. ती भिंत लालसिंगनं यंदाच्या दिवाळीला पोतली होती, धनवंता गेल्यावर.

बंद दारासमोर चित्र थांबलं. मग टीव्हीतून कडी वाजल्याचा आवाज आला.

चंचलनं बापाचा दंड धरला. “बाबा... उघडू नोका.”

लालसिंगनं तिचा हात हळूच सोडवला. मागच्या खोलीत जाऊन अडसर काढला आणि दोन्ही फळ्या उघडल्या. बाहेर लख्ख दुपार होती. तणसाच्या ढिगापाशी कोणीच नव्हतं.

“ये,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून ते दार बंद झालेलं नाही. थंडी घरात शिरते, कुत्री येऊन निजतात, चंचल फोनवरून रागावते. दुपारी लालसिंग टीव्हीसमोर बसतो. वाट सरकत येते, निळ्या भिंतीपाशी थांबते. मागच्या उघड्या दारातून वारा त्याच्या पाठीला लागत असतो. टीव्हीतलं दार मात्र बंदच आहे. त्यावरची कडी अजून वाजते, पण दर दिवशी जरा हळू.