दुसऱ्या मजल्यावरचा खांब

विनिता माझी धाकटी जाऊ. तिला गोष्ट रचायची असती, तर तिने याहून बरी रचली असती. हे घडलं तसंच सांगते.

गेल्या वर्षीची होळी. दुपार.

पनवेलहून उरणकडे जाताना एक गाव लागतं. त्या गावाच्या कडेला एक नवी इमारत. नाव सांगत नाही. आज तिथे माणसं राहतात.

विनिता सिव्हिल इंजिनीअर. नव्या इमारती तपासायला बाहेरच्या इंजिनीअरांना परवाने मिळाले, त्यांतली ती एक. खाजगी तपासनीस. जिने, टाक्या, खांब, स्लॅब, सगळं बघायचं आणि सही करायची. सही झाली की भोगवटा दाखला, आणि दाखला आला की लोक राहायला येणार. ऐकायला रुबाबदार वाटतं. प्रत्यक्षात काय, तर लिफ्ट सुरू नसलेल्या इमारतींचे जिने. दिवसभर. घरी आली की ती बूटही न काढता बसून राहायची. समोरचा चहा गार होऊन जायचा.

त्या दुपारीही ती अशीच दमलेली होती.

इमारतीचा मालक कृष्णकांत घरत. बापजाद्यांची मिठागरं गेली, जमिनीचा एक तुकडा राहिला, त्यावर त्याने ही इमारत उभी केली होती. माणूस सरळ. दुसऱ्या मजल्यावर तो आपल्या आईला, गोदूबाईंना घेऊन स्वतःच राहायला येणार होता. होळीमुळे कामगार गावी गेले होते. त्याने किल्ल्या दिल्या आणि होळीची तयारी बघायला गावात निघून गेला.

म्हणजे इमारतीत ती एकटीच.

ती नेहमी वरून खाली तपासत येते. सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचली, भिंतीला टेकून दम खाल्ला. आणि मग...

टक्... टक्... थप.

कोणीतरी खालच्या मजल्यावर हातोडीने ठोकून बघत होतं.

हा आवाज तिच्या रोजच्या ओळखीचा. भरीव जागी हातोडी टणक वाजते. आत पोकळ असेल तर बसका आवाज येतो. तिला वाटलं, कृष्णकांतचा इंजिनीअर आला असेल. तिने जिन्यातून हाक मारली.

आवाज थांबला. उत्तर नाही.

ती खाली आली. मजला रिकामा. फरशीवर सिमेंटची बारीक धूळ, आणि धुळीवर एकही पाऊल नाही.

टक्... टक्... थप.

आता त्याच्याही खालून.

ती उतरत गेली. आवाज तिच्या पुढे उतरत गेला. भीती अशी वाटलीच नाही, ती सांगते. उलट राग आला. एवढे जिने कोणीतरी उगाच उतरायला लावतंय, असं.

दुसऱ्या मजल्यावर मात्र आवाज पुढे सरकला नाही.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला खांब. आवाज तिथूनच येत होता.

आतून.

तिने आपली हातोडी काढली. मारली.

थप.

खांब पोकळ असूच शकत नाही. वरचे सगळे मजले त्याच्यावर उभे असतात. तिने पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच. तिने खांबाला कान लावला. गिलावा कोमट होता... आणि त्या कोपऱ्यात ऊन येत नव्हतं.

मग आतून माणसाचा आवाज आला. हळू. फार दमलेला.

"आता जाऊ का?"

दिवसभर तिला हाच प्रश्न ऐकावा लागतो. प्लंबर विचारतो, वायरमन विचारतो. ती कामात असली की तिचं उत्तर ठरलेलं. ते तोंडातून निघून गेलं.

"थांबा जरा."

"बरं," आतून आवाज आला.

आपण कोणाशी बोललो, हे त्यानंतर तिच्या लक्षात आलं. खाली रस्त्यावर येईपर्यंत ती थांबली नाही. हातोडी वरच राहिली.

आवाजाबद्दल तिने कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. अहवालात एवढंच लिहिलं, की तो खांब पोकळ वाजतो, फोडून तपासल्याशिवाय सही होणार नाही. कृष्णकांत नवीन पनवेलला आमच्या घरी आला. पाहुणचाराला हात न लावता बसला. सिमेंट चांगलं वापरलंय, लोकांनी जुनी घरं सोडायची तारीख दिलीय, असं खाली मान घालून सांगत राहिला. विनिताने ऐकून घेतलं, पण ती बधली नाही.

मग त्याने दुसऱ्या तपासनीसाला बोलावलं. तसं करायची मुभा असते. तो माणूसही कामाला पक्का. त्याने तोच खांब तीनतीनदा ठोकून बघितला.

टक्... टक्... टक्.

भरीव. सगळीकडून भरीव. मशीन लावून बघितलं, तरी भरीव.

त्याने सही केली. पाडव्याला गृहप्रवेश झाले. आपले कान दमलेत, असं विनिताने स्वतःला समजावलं. तिच्यापुढे दुसरे जिने होतेच.

अक्षय्य तृतीया उलटली आणि कृष्णकांतचा फोन आला. बोलताना अडखळत होता. आई खांबाशी बोलते म्हणाला. डॉक्टरांना दाखवलं, डोकं शाबूत आहे. पण रोज एकच धोशा लावलाय, हातोडीवाल्या बाईला बोलाव.

विनिता गेली. दिवे लागायच्या आधीची वेळ. गोदूबाई स्वयंपाकघरात, खांबाला पाठ लावून बसल्या होत्या. मुलाला त्यांनी बाहेर पाठवलं.

"बाय, तू त्याला थांब सांगलंस ना?"

विनिता त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"रोज सांजेला इचारतो. जाऊ का म्हणून. मी सांगतं, थांब बाबा, वर लोकांची लेकरं हायेत. थांबतो बिचारा." त्यांनी मागे हात नेऊन खांबावर फिरवला. "पण आता लय दमलाय. काल बोलला नाय. नुसता श्वास ऐकू आला."

विनिताने खांबावर तळवा ठेवला.

खांब थरथरत होता... खूप वेळ जड ओझं डोक्यावर धरलं की माणसाचे हात थरथरतात, तसा.

तिने वर छताकडे बघितलं. वरच्या घरात कोणीतरी पाट सरकवत होतं. एक मूल धावत होतं.

ती बाहेर आली आणि कृष्णकांतला म्हणाली, "इमारत आजच रिकामी करा. मला कारण विचारू नका."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग दारातून आत आईकडे. आणि मुकाट्याने वरच्या मजल्यावर दार वाजवायला गेला. लोक चिडले, भांडले, पण उतरले. गावच्या देवळाच्या सभामंडपात त्यांची सोय झाली. तोवर गोदूबाई खांबापाशीच बसून होत्या. "अजून थोडा," एवढंच म्हणत.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर लोखंडी टेकू लावले. मग खांब फोडला.

वरचं कवच चार बोटांचं. आत सळया. आणि सळयांच्या मधे काही नाही. पोकळी. एक माणूस उभा राहील एवढी.

हाड नाही, कापड नाही. काहीच नाही.

फक्त आतली एक बाजू गुळगुळीत झालेली. जुन्या घराची चौकट पाठ टेकून टेकून होते, तशी.

बांधकामाचा जाणकार म्हणून बोलावलेले उदयसिंह पुन्हा पुन्हा वर बघत होते. हा खांब कधीच चिरडायला हवा होता, ते म्हणाले. आणि आणखी एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. टेकू सैल होते. एक त्यांनी हाताने धरला, तर तो सहज फिरला. म्हणजे वरचं वजन टेकूंवर आलेलंच नव्हतं.

मग ते होतं कोणावर?

विनिताने सगळ्यांना खाली जायला सांगितलं. गोदूबाई तेवढ्या गेल्या नाहीत. दाराशी उभ्या राहिल्या.

विनिता त्या पोकळीसमोर उभी राहिली. तिला खूप काही विचारायचं होतं. नाव, गाव, कधीपासून. पण ज्याला उभं राहवत नाही, त्याला आणखी थांबवायचं कशाला?

"झालं," ती म्हणाली. "आता जा."

ती दोन पावलं मागे सरकली.

मग वरून एक लांब कण्हणं आलं. कर्र... सैल टेकू एकामागून एक ताठ झाले. छतातून धूळ गळली. सगळी इमारत अंगावर बसल्यासारखी खाली दबली.

टेकूंनी ती पेलली.

खांब नव्याने बांधला. लोक परत आले. त्यांतल्या बऱ्याच जणांना अजूनही एवढंच ठाऊक आहे, की एका खांबात खोट निघाली.

तो कोण होता, हे विनिताने खूप शोधलं. त्या कामावर कोणी मेलं नव्हतं, कोणी बेपत्ता नव्हतं. ठेकेदाराकडचा एकूण एक माणूस तिने फोन करून गाठला. सगळे सुखरूप. खांबात कोणाला गाडलेलं नाही, अशी कृष्णकांतने आईच्या पायाची शपथ घेतली. विनिताचा त्याच्यावर विश्वास आहे. त्या विश्वासानेच तर तिची झोप गेलीय.

सर्वपित्री अमावस्येला गोदूबाईंनी इमारतीच्या गच्चीवर त्याच्या नावाने पान वाढलं. नाव ठाऊक नव्हतंच. विनिता सोबत होती. भात, वडे, खीर. दोघी बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

कावळे आले. कठड्यावर ओळीने बसले. पानाकडे बघत राहिले.

ऊन कलेपर्यंत दोघी थांबल्या. एकही कावळा पानाला शिवला नाही.

पान उचलायला वाकताना गोदूबाई बोलल्या.

"बाय, ज्याचा जीव अजून गेला नाय, त्याच्या पानाला कावला शिवत नाय."