सुताराचा पत्ता

हे खरं घडलेलं आहे. कुणाला पटवून देण्याची मला हौस नाही. रोजचा जप झाल्याशिवाय मी पाणीही घेत नाही, आणि आजचा जप उरकूनच हे लिहायला बसले आहे.

शनिवार होता. रात्र नव्हे, भर दुपार. ऑफिसात आम्ही दोघंच... मी आणि माझा धाकटा दीर.

आमची कंपनी सुतारकामाची हत्यारं विकते. गिऱ्हाइकांना मेल पाठवायच्या आणि ज्या परत येतील त्यांचे पत्ते यादीतून काढायचे, हे आमचं काम. कुणाची मेलची पेटी भरलेली असली तर पुन्हा पाठवून बघायचं. पत्ताच बंद झाला असेल तर लगेच काढायचा.

एका सुताराचा पत्ता असाच बंद झालेला. त्याच्या बायकोचा फोन मीच घेतला होता.

"दार वाजलं म्हणून त्यांनी उघडलं हो. हातोड्यानं ठेचून मारलं त्यांना. आता नका पाठवू काही."

मी भाऊजींना सांगितलं. ते हसले.

"वहिनी, यादी आटली तर साहेब माझी सालटी काढतील. लावतो याला पुन्हापुन्हा पाठवायच्या रांगेत. घेईल कधीतरी."

"मेलेला माणूस घेईल?"

"तुमच्या देवाला सांगा की पोचवायला."

मेल गेली.

परत आली.

आणि दारावर थाप पडली...

मी दार उघडलं. जिना रिकामा.

मागे भाऊजी कळवळले. खांदा धरून खाली बसले होते.

"कोणी मारलं मला?"

खोलीत कोणीच नव्हतं.

दुसरी मेल परत आली. थाप...

या वेळी मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचा हात कोपराखाली वाकला. काठी मोडावी तसा. आवाज अजून कानात आहे.

"वहिनी, काढा तो पत्ता... काढा."

मी काढला. पण रांगेत लागलेल्या मेल पत्ता काढून थांबत नाहीत. त्या निघत राहिल्या. एकेक परत येत राहिली.

थाप... गुडघा.

थाप... जबडा. दोन दात कीबोर्डवर पडले.

मी नामस्मरण करत त्यांच्यावर आडवी पडले. मला घाव लागलाच नाही. माझ्या अंगाखाली त्यांची बरगडी मोडली, ती मला पोटाला जाणवली.

मग एकदम सगळं शांत.

रांग संपली होती.

भाऊजी वाचले. जबडा तारांनी बांधला आहे, बोलता येत नाही. दवाखान्यात रोज कागदावर लिहून विचारतात, "वहिनी, सगळ्या परत आल्या ना? संपलं ना?"

मी त्यांची उशी सारखी करते.

मी तपासलं आहे. शेवटची मेल निघाली... पण ती परत आलेली नाही.

म्हणजे तिकडे ती कोणीतरी घेतली.