टाकी भरली की लवकर बंद पडते

माले गाव मागे पडलं आणि उत्कर्षाच्या मोटारसायकलने दोन आचके दिले. आधी वेग गेला, मग आवाज गेला. गाडी रस्त्याकडेच्या गवतात टेकली तेव्हा भाताच्या खाचरांवर पडणाऱ्या पावसाशिवाय काही ऐकू येईना.

तिने टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. पेट्रोल होतं. भरपूर होतं.

"संपलं का?"

मागे एक स्कूटर थांबली होती. तिच्यावर रेनकोटमधला एक तरुण, पायांशी हत्यारांची पिशवी.

"नाही."

"मग प्लग बघा."

"नवीन आहे."

"चोक ओढलेला राहिला असेल."

"नाही राहिला."

"तुम्हाला सगळंच माहीत आहे. मग मी कशाला थांबलो?"

"तेच विचारणार होते. मी काही हात केला नव्हता."

तो हसला. जरा उशिराच हसला... समोरचं वाक्य आधी तपासून घ्यावं आणि मग हसावं, तसा. उत्कर्षाच्या ते लक्षात राहिलं.

त्याने इंजिनाजवळ तळहात नेला. "तापलंय. थंड होऊ द्या."

एसटी थांब्याच्या शेडमध्ये दोघं उभे राहिले. त्याने पिशवीतून, पाना-पक्कडीच्या शेजारून, भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढली.

"ऑइलचा वास येतोय," उत्कर्षा म्हणाली.

"सवय झाली की आवडतो."

तिने चार दाणे घेतले. मग ती पावसात जाऊन गाडी बघून आली. पुन्हा शेडमध्ये आली, हेल्मेटचा पट्टा लावला, काढला, परत लावला.

"तुम्ही बसत नाही का कधी?"

"बसते की. गाडीवर."

थोड्या वेळाने तिने बटण दाबलं आणि गाडी निमूट सुरू झाली. जणू काही झालंच नव्हतं.

"गरम झाली की बंद, थंड झाली की चालू," तो म्हणाला. "ठिणगी देणारी कॉइल असणार. किंवा नसणारही. एकेक करून बघावं लागेल."

"तुम्ही मेकॅनिक आहात?"

"लिफ्टवाला. सूस-बाणेरच्या टॉवरमधल्या लिफ्ट बघतो. त्याही अशाच मधे बंद पडतात. फरक एवढाच, की आत माणसं ओरडत असतात."

"ओरडता मलाही येतं."

"मग रविवारी या. घर इथंच आहे, मालेत. ओरडायला भरपूर जागा आहे." त्याने स्कूटरला किक मारली. "शैलेश. कुणालाही विचारा."

उत्कर्षा मूळची परभणीची. नोकरी कंपन्यांच्या पट्ट्यात, भाड्याचा फ्लॅट सूसमध्ये. फ्लॅटच्या कोपऱ्यात हैदराबादहून आणलेले खोके अजून चिकटपट्टीसकट पडून होते, कारण ते उघडण्याआधीच तिला पुढचं गाव खुणावू लागायचं. शहराची ओळख होऊ लागली, वाण्याने नाव विचारलं, शेजारणीने वाटी पाठवली, की हिचा जीव गुदमरायचा. आता चंदीगडच्या ऑफिसात जागा निघाली होती. तिथून हिमालय हाकेवर. तिने स्वतःहून बदलीचा अर्ज केला होता, दसऱ्यानंतर निघायचं ठरलं होतं आणि तेही याच मोटारसायकलवरून. गाडी जुनी, पण लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली. रुंद सीट, मोठी टाकी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. निघण्याआधी ती नीट व्हायला हवी होती.

एवढंच काम आहे, असं ती पहिल्या रविवारी मालेला जाताना स्वतःला म्हणाली.

शैलेशच्या अंगणात पत्र्याखाली गाडी लागली. त्याने आधी हत्यारांना हात लावला नाही. समोर पाटावर बसून विचारलं, "बंद पडायला लागली, त्याच्या आधी काय बदललं होतं?"

"काहीच नाही."

"नीट आठवा."

"प्लग बदलला. पण तो बंद पडायला लागली म्हणूनच."

"बरं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नंतर तोच रस्ता, तोच वेग. तरी बंद पडली, तर त्या गोष्टीचा दोष नाही."

"अहो, सगळं एकदम बदलू! सुटेल कटकट."

"सुटेल. पण कशाने सुटली ते कळणार नाही. मग ती कुठल्या तरी बर्फात बंद पडेल आणि तिथे मी—" तो थांबला. "तिथे शेडसुद्धा नसेल."

उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं. तो कॉइलच्या स्क्रूकडे पाहत होता.

कॉइल बदलली. ताम्हिणी घाटाच्या दिशेने दोघं निघाले, ती चालवत, तो मागे. गाडी बंद पडली. तिने सवयीने झाकण उघडलं, पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं आणि दोघं थंड होण्याची वाट बघत बसले. पुढच्या रविवारी पेट्रोलची नळी बदलली. बंद पडली. त्याच्या पुढच्या रविवारी हवेचा फिल्टर. मग कार्ब्युरेटर उघडून साफ केला...

आणि दर रविवारी ते बसणं. कधी शेडमध्ये, कधी मोरीच्या कठड्यावर, कधी धरणाचं पाणी दिसतं तिथे. पाऊस कधी सोबत, कधी समोरच्या डोंगरावर. बोलता बोलता 'तुम्ही' कुठल्या तरी वळणावर गळून पडलं, ते दोघांपैकी कुणी उचललं नाही.

"तुला इतका उशीर का लागतो रे हसायला?"

"खात्री करून घेतो."

"कशाची?"

"तू माझी चेष्टा करतेस की माझ्याशी बोलतेस, याची."

"दोन्ही करते."

तो हसला. उशिरा.

कार्ब्युरेटरच्या दिवशी ती टॉर्च धरून शेजारी बसली होती. पत्र्यावरून थेंब ओळीने गळत होते. एक बारीक स्क्रू फिरवायचा होता. शैलेशने तिचा हात धरून पेचकसावर ठेवला. "पाव फेरा. बस्स. अजून नाही." दोघांची बोटं काळी. कोणती कुणाची, कळू नये इतकी.

"उजेड हलतोय," तो हळूच म्हणाला.

"हात हलतोय."

"का?"

"तू विचारतोयस म्हणून."

दारातून शैलेशची आई, साळूबाई, चहाचे कप घेऊन आल्या. "पोरी, ह्यो एक बोल्ट काढाय निम्मा दिस लावतुया. ह्येच्या लग्नाची वाट बघता बघता माजे केस पिकले."

"आई!"

"तुज्याशी न्हाई बोलत मी. चा घे गं."

सूसला परतताना उत्कर्षाला बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटायची. सोमवार ते शनिवार ती खिडकीपासून दारापर्यंत नुसत्या फेऱ्या मारायची. चंदीगडच्या ऑफिसातून फोन येई, ती 'हो, हो' म्हणे आणि फोन ठेवल्यावर काय ठरलं ते तिला आठवत नसे. जायची घाई होती, की घाईने जाऊन काही टाळायचं होतं? हे काही टॉर्च लावून बघता येत नव्हतं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तिने टाकी काठोकाठ भरली. लांब निघताना भरतात तशी. शैलेशने त्या दिवशी काही बदललं नव्हतं. "आज नुसती चालवून बघू," म्हणाला होता. मालेची शेतं संपायच्या आत गाडीने आचके दिले आणि ती थांबली.

"आज इतक्या लवकर!" ती वैतागली आणि झाकणाकडे हात नेला.

"थांब. उघडू नकोस." शैलेश खाली उतरला. "मागच्या रविवारी पेट्रोल किती होतं?"

"तळाला."

"आणि तेव्हा पार धरणाच्या पुढे गेली होती." तो स्वतःशीच बोलू लागला. "टाकी भरली की लवकर बंद पडते... रिकामी असली की उशिरा..."

त्याने टाकीला कान लावला आणि झाकण अगदी हळू फिरवलं.

फुस्स... टाकीने मोठा श्वास घ्यावा तसा आवाज आला.

"सेल्फ मार."

"अजून तव्यासारखी तापलीये."

"मार तर."

गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली.

शैलेशने झाकण उलटं केलं आणि बोट ठेवलं. "इथे बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी लागते. ती आली नाही तर पेट्रोल उतरतच नाही. भरलेल्या टाकीत हवा आधीच कमी, म्हणून लवकर अडतं. हे भोक कुणी बुजवलं?"

भोकाच्या जागी भेगा बुजवायच्या राखाडी लांबीचा ठिपका होता. वाळून दगड झालेला.

"मी," उत्कर्षा म्हणाली.

पाऊस थांबला होता. तरी तिला वाटलं, थोडा पडला असता तर बरं झालं असतं.

"जुलैत टाकीत पाणी जात होतं. सोसायटीच्या गच्चीची गळती काढणारे लोक आले होते... त्यांच्याकडून चिमूटभर आणली."

"मी विचारलं होतं, काय बदललं म्हणून!"

"ही काय दुरुस्ती आहे? ही पावसाळ्याची तयारी! आमच्या सोसायटीत खिडक्या बुजवतात, पाइप बुजवतात, भिंतींच्या भेगा बुजवतात. मी हे बुजवलं!"

या वेळी तो लगेच हसला. रस्त्यावर उकिडवा बसून, झाकण हातात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तीही हसली. मग हसणं ओसरलं आणि तिच्या काहीतरी लक्षात आलं.

"म्हणजे ती थंड झाल्यामुळे चालू होत नव्हती?"

"नाही. तू पेट्रोल बघायला झाकण उघडायचीस ना, तेवढ्यानेच. लगेच चालू झाली असती. थांबायची गरजच नव्हती."

"म्हणजे इतके रविवार आपण..."

"उगाच बसलो," शैलेश म्हणाला.

उत्कर्षाने त्याच्या हातातलं झाकण ओढून घेतलं.

"आजच कशाला सापडलं तुला?" तिचा आवाज चढला.

"सापडलं ते सांगायला नको?"

"उद्या सांगायचंस. मी... मला काय माहीत कधी ते!"

"बिघडलेली गाडी देऊन तुला अर्ध्या देशातून पाठवू?" तो उभा राहिला. "ते मला जमणार नाही, उत्कर्षा. बाकी काही वाटत असलं तरी."

तिने झाकण लावलं आणि गाडी मालेकडे वळवली.

अंगणात परत आल्यावर त्याने साळूबाईंच्या गोधडीच्या सुईने लांबी कोरून काढली, भोकातून उजेड दिसतो का ते बघितलं आणि झाकण लावलं. "एक फेरी मारून ये. एकटी. कुठेही न थांबता."

ती निघाली. थांबा गेला, शेड गेली. मोरीचा कठडा आला आणि गेला. धरणाचं पाणी उजाडल्यासारखं डोळ्यांसमोर पसरलं. गाडी एका सुरात चालत होती, गेल्या कित्येक महिन्यांत चालली नव्हती अशी.

"बंद पड," उत्कर्षा हेल्मेटच्या आत म्हणाली. "एकदा... शेवटचं."

गाडीने ऐकलं नाही. ताम्हिणीच्या अलीकडे वळून ती परत निघाली. नेहमी रस्ता मोकळा झाला की तिला हलकं वाटायचं. आज रस्ता मोकळा होता आणि ती सारखा वेग कमी करत होती. आपल्याला नीट झालेली गाडी नको होती, हे तिला मालेची पाटी दिसेपर्यंत पुरतं उमगलं.

शैलेश अंगणातच उभा होता. ती आली, पण इंजिन बंद करायला तिचा हात होईना. जुनं इंजिन पत्र्याखाली धडधडत राहिलं.

"कशी चालली?"

"छान!"

"मग... सुखरूप जा."

ऐकू आलं होतं. पण हे वाक्य तिला नको होतं.

"काय?" ती म्हणाली.

"सुखरूप जा, म्हटलं!"

"मोठ्याने बोल!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तपासून पाहिलं. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं!" तो ओरडला. गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली.

"एवढंच?" तीही ओरडली. "का एका वेळी एकच सांगणार आहेस?"

"मला तू आवडतेस! हे दुसरं!"

साळूबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. "आरं, ती गाडी तरी बंद करा. आख्ख्या आळीनं ऐकलं. आता ही न्हाई म्हनली तर आमी त्वांड कुटं दावायचं?"

उत्कर्षाने चावी फिरवली. एकदम इतकी शांतता झाली की तिला आपलाच श्वास मोठा वाटला.

"मी नाही म्हणत नाहीये," ती हळू म्हणाली.

शैलेशला बराच वेळ लागला. मग तो कानापर्यंत लाल झाला.

"आणि चंदीगड?"

"उद्या अर्ज मागे घेते. राहायला नाही जाणार." तिने हेल्मेट काढलं. "पण डोंगर मला बघायचेच आहेत. ते काही सुटणार नाही. तू येशील?"

"येईन. भात कापून झाल्यावर."

"कधी कापतात?"

"दिवाळीच्या आसपास. पाऊस उघडला तर."

"त्याच्या आधी नाहीच?"

"भाताला घाई करता येत नाही."

"मला थांबता येत नाही, शैलेश."

"माहीत आहे मला."

ती गाडीवरून उतरली, अंगणातून दारापर्यंत गेली, अर्ध्यात वळली, पुन्हा दाराकडे गेली. आणि साळूबाईंच्या समोर उभी राहिली.

"आई, कापणीला मीही आले, तर लवकर होईल का?"

साळूबाईंनी तिची काळी बोटं पाहिली, हातातलं हेल्मेट पाहिलं, पायातले बूट पाहिले.

"लवकर कुटलं, बाय? तुला शिकवाय वरचे दोन दिस जातील," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. उंबऱ्याच्या आतून त्यांचा आवाज आला, "पर ये."