चौथ्या कप्प्यातला दगड

गोटीराम मास्तर राजेश्वरीबाईंच्या वाशीच्या कचेरीत आले तेव्हा भाडेकरू हितेशने त्यांचा एक हात धरला होता. दुसऱ्या हातात कापडी पिशवी होती. १९९६चा जानेवारी. वर्षभरात मास्तरांची नजर जवळजवळ गेली होती.

ज्ञानूने खुर्ची पुढे केली. हा साताऱ्याकडचा माणूस. बाजारात पोती वाहून पाठ गेली, तेव्हा राजेश्वरीबाईंनी त्याला मदतीला ठेवून घेतलं. बाई खाजगी तपास करत. त्याआधी कोळसा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होत्या. मास्तर त्यांच्याकडे आले ते म्हणूनच.

"बाई, माझी बोटं खोटं बोलतात की काय, तेवढं सांगा," मास्तर म्हणाले.

पिशवीतून लाकडी पेटी निघाली. चार कप्पे, चार तुकडे, प्रत्येकाखाली लहान मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी.

"सगळे कोळसेच की," ज्ञानू म्हणाला.

"हात द्या." मास्तरांनी त्याची बोटं एकेका तुकड्यावर ठेवली. "हा पीट. मुळं अजून हाताला लागतात. हा लिग्नाइट, तपकिरी, चुरा होणारा. तिसरा बिट्युमिनस, हात काळे करतो. चौथा अँथ्रासाइट. कठीण, गुळगुळीत, बोटाला डाग लागू देत नाही. मूळ चौघांचं एकच, दलदलीत गाडलेली झाडं. ओलावा आणि धुराचे वायू जेवढे निघून जातात, तेवढा कार्बन वाढतो, तेवढी प्रत वरची."

ज्ञानूने चौथ्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"गेल्या शुक्रवारपासून हे असं आहे," मास्तर हळूच म्हणाले. "बायको म्हणते, भास होतो. गावच्या शाळेने शिकवायला बोलावलंय. डोळे नसले तरी शिकवेन. पण डोकंही बिघडलं असेल, तर पोरांसमोर उभं राहू नये."

बाईंनी चौथ्या तुकड्याची कपची चिमट्यात धरली आणि दिव्यावर नेली. ती भपकन पेटली. पिवळी ज्योत, वर काळा धूर.

"अँथ्रासाइट असा चटकन पेटत नाही. पेटला तरी धूर नसल्यासारखाच. हाही बिट्युमिनस आहे, मास्तर. तुमची बोटं खरं सांगतात. दगड बदललाय."

मास्तरांनी बोटं एकमेकांवर घासली. मग म्हणाले, "माझ्याच घरात मला कोणी का फसवावं?"

"पेटीला कुलूप आहे. चावी?"

"बायकोच्या कमरेला. आज निघताना तिच्याकडून उघडून घेतली."

"आणि हे अक्षर?"

"होती एक विद्यार्थिनी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली.

जिन्यात बाईंनी हितेशला गाठलं. तो रंगांच्या कारखान्यात बॉयलरवर कामाला होता.

"मॅडम, आमच्याकडे कोळशाचा ढीग पडलाय, मी कशाला चोरू? त्या शुक्रवारच्या आधी बुधवारी तर मी दिवसभर मास्तरांबरोबर डोळ्यांच्या हॉस्पिटलात होतो. त्या संध्याकाळी काकूंनी शेगडीला कोळसा मागितला. गुरुवारी आणून दिला."

"किती?"

"एकच तुकडा. मुठीएवढा."

दुपारी बाई आणि ज्ञानू करावे गावात मास्तरांच्या घरी गेले. मागच्या दारी मोलकरीण गोजरा भांडी घासत होती.

"बुधवारी मास्तर घरी नव्हते," ती म्हणाली. "तरी दोन ताटं पडली होती. जिताड्या माशाचं कालवन केलेलं. बाई एकटी असली की एवढा घाट घालीत नाय."

मास्तरांच्या बायकोने, सुमित्राबाईंनी, मात्र मान हलवली. "बुधवारी कोन येनार? मी एकटीच होते. पेटीला मी हात पन लावत नाय."

बाहेर आल्यावर ज्ञानू म्हणाला, "बाई, हितेशच. कोळसा त्याचाच हाय की."

"हितेश रोज कोळशात हात घालतो. डाग लागणारा तुकडा मास्तरांच्या हाताखाली तो ठेवील का? ज्याने ठेवला, त्याला फक्त रंग माहीत होता."

संध्याकाळी सगळे ओटीवर बसले. बाईंनी आवाज चढवला नाही.

"चावी एकाच व्यक्तीकडे. शेगडीला एक तुकडा कोणी मागत नाही. एक तुकडा लागतो रिकामा कप्पा भरायला. म्हणजे दगड सुमित्राबाईंनी बदलला. पण तो मागितला बुधवारी संध्याकाळी. आधीच ठरवलेलं असतं, तर आधीच मागितला असता. तेव्हा खरा दगड त्याच दिवशी अचानक गेला. त्या दिवशी दुसरं ताट वाढलं होतं, आवडीचं करून. पाहुणा असा, की ज्याचं नाव या घरात घेता येत नाही. मास्तर, मी चिठ्ठ्यांबद्दल विचारलं तेव्हा तुम्हीही नाव घेतलं नाहीत."

मास्तरांचा हात पेटीवर थांबला. "मीना," ते म्हणाले.

सहा वर्षांत त्या घरात हा शब्द उच्चारला गेला नव्हता. त्यांच्या लेकीने, मीनाने, स्वतःच्या मनाने लग्न केलं त्या दिवशी मास्तरांनीच तशी ताकीद दिली होती.

सुमित्राबाईंनी डोळ्याला पदर लावला. "तुमची नजर गेली ते तिला कललं, म्हनून आली. तुमच्यासमोर यायचा धीर नाय झाला. जाताना म्हनाली, आई, तेवढा दगड देतेस? मी दिला. मग तुमी सोताला येडं म्हनाया लागले, नि मना रात्री डोला नाय लागला. पन सांगायचं कसं?"

ज्ञानूला वाटलं, आता मास्तर भडकतील.

"दगड कशाला हवा होता तिला?" त्यांनी विचारलं.

"पनवेलच्या शालेत भूगोल शिकवते ती. तिच्याकडं तीनच कोलसे हायत. चौथा कुठं गावत नव्हता."

मास्तरांनी चौथ्या कप्प्यातली चिठ्ठी चाचपली. मग म्हणाले, "मुलांना लांबून दाखवते, की हातात देते?"

"हातात देते. म्हनाली, बाबा द्यायचे तसा."

हितेशने तोंड दुसरीकडे केलं. राजेश्वरीबाईंनी फीचं नाव काढलं नाही, नुसती पर्स उचलली.

मास्तर भिंतीला धरून उठले. "हितेश, उद्या सुट्टी टाकता येईल का तुला?"

"टाकतो, मास्तर."

"मग सुमित्रा, माझा पांढरा सदरा इस्त्रीला दे. उद्या पनवेलला जायचंय."