कुडकुडी पाण्यातून निघेना!

"कुडकुडे, अजून पाण्यातच? जिंकलीस की गं!" दादा किनाऱ्यावरून ओरडला.

समुद्रात जास्त वेळ कोण टिकतं, हा त्यांचा सुट्टीतला रोजचा खेळ. आणि रोज कुडकुडीच आधी पळायची, निळ्या ओठांनी, दात वाजवत. नाव त्यावरूनच पडलं होतं. आज मात्र ती गळ्यापर्यंत पाण्यात आरामात बसली होती.

"अरे, पाणी चक्क कोमट आहे!"

"मग मजाच!" म्हणत बडबड्या मावसभावाने, म्हणजे पोपटने, धपकन उडी मारली.

कुडकुडीला भूगोलाच्या बाई आठवल्या. ती म्हणाली, "या वाळवंटी किनाऱ्यावर पाऊस का पडत नाही, माहितीये? किनाऱ्यालगत थंड प्रवाह वाहतो. थंड पाण्याची वाफ कमी होते, मग पावसाचे ढग येणार कुठून? पण आता गरम प्रवाह इकडे सरकला असेल तर? पाऊस येईल की!"

तिघांनी मिठागराकडे पाहिलं. पोपटच्या आईची, म्हणजे मावशीची, वर्षभराची मेहनत तिथे उघड्यावर होती. घराएवढी उंच, पांढरीशुभ्र मिठाची रास! न्यायला जहाज यायचं होतं.

"बाप रे! सगळं विरघळेल!"

ओल्या अंगानेच तिघं मिठागरात धावली. त्यांचं ऐकून तिथल्या कामगारांचे मुकादमकाका पोट धरून हसले. "पाऊस? माझे केस पिकले, पण पावसात कधी भिजले नाहीत! ताडपत्र्या नव्याकोऱ्या आहेत, त्यांची घडी मोडायची नाही."

"मुकादमांना कळतं रे सगळं," मावशी म्हणाली. "आधी अंग पुसा!"

कुडकुडीला रडूच फुटलं. मग एकदम तिचे डोळे चमकले. "मोठी माणसं आपलं ऐकत नाहीत, पण आपले हट्ट तर पुरवतात ना?"

संध्याकाळी ती गोड आवाजात म्हणाली, "काका, आम्ही नाटक बसवतोय. मिठाची रास म्हणजे राजाचा डोंगर. पण डोंगर निळा हवा. आणि राजा तुम्ही!"

काकांनी मिशीवरून हात फिरवला. ताडपत्र्या निळ्याच होत्या!

सकाळी स्वारी कामगारांवर डाफरत होती. "दोऱ्या घट्ट आवळा! राजाच्या डोंगरावर सुरकुती नको!"

"राजाला खंदकही लागतो," पोपट म्हणाला. लगेच राशीभोवती चरही खणला गेला. दादाला हसू आवरेना.

दुपारपासून आभाळ काळवंडलं. नाटक सुरू झालं. डोक्यावर कागदी मुकुट घालून काका गरजले, "आमच्या राज्यात पाऊस पडणार नाही!" हे वाक्य कुडकुडीनेच लिहिलं होतं.

टप्! थेंब राजाच्या नाकावर पडला. मग असा धो-धो पाऊस कोसळला की मुकुटाचा लगदा झाला!

"माझं मीठ!" मावशी धावली. तिने ताडपत्रीची कड उचलून आत हात घातला. मूठभर मीठ कोरडं ठणठणीत! चरातून पाणी खळखळत निघून जात होतं. तिने भर पावसात कुडकुडीला मिठी मारली. "ऐकायला हवं होतं गं तुझं! वाचवलंत मला पोरांनो!"

काका ओशाळले. "राजा मी कसला? डोकं तर तुमचं!"

जहाज मीठ घेऊन गेलं. सुट्टीच्या शेवटी एका सकाळी कुडकुडी पाण्यात शिरली आणि किंचाळत बाहेर पळाली. काका टॉवेल घेऊन हजरच होते.

"वाजले! दात वाजले! पाणी थंड, आता पाऊस नाही!" ते आनंदाने ओरडले आणि ताडपत्र्यांची घडी घालायला निघाले.